सल्ला कोणाचा, सही कोणाची?

निवृत्तीनंतर म्हैसूरच्या कुवेंपुनगरात स्थायिक झालो, तेव्हा फाटकावरील नावाखाली ‘सल्लागार’ असे लिहावे की नाही, यावर घरात थोडा वाद झाला होता. पाटी लागली नाही. काम मात्र मी चार वर्षे केले. त्यात नेमके करायचे काय असते, असे शेजारचे तरुण विचारतात. पैसे उत्तराचे मिळतात, पण निम्मे कष्ट प्रश्न दुरुस्त करण्यात जातात. खात्याने कार्यकक्षेत ‘नवी पाणीयोजना सुचवा’ असे लिहिलेले असते; जागेवर गेल्यावर कळते, की पाणी पुरेसे आहे, ते गळते आहे.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला येथे विश्वेश्वरय्या आठवतात. म्हैसूर त्यांना दिवाण म्हणून ओळखते, पुणे खडकवासल्याच्या स्वयंचलित दरवाजांमुळे. या दोहोंच्या मधले, १९०९ मधील त्यांचे काही महिने सल्लागाराचे होते. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीच्या पुराने हैदराबाद उद्ध्वस्त झाले. मुंबई सरकारची नोकरी सोडून परदेशी गेलेल्या विश्वेश्वरय्यांना निजाम सरकारने बोलावले. शहरातील काठ पाहून ते थांबले नाहीत; पाणलोटातील पाऊस आणि फुटलेले तलाव त्यांनी अभ्यासले आणि शहराच्या वरच्या अंगाला जलाशय बांधावेत, असे सुचवले. मग ते म्हैसूरला मुख्य अभियंता म्हणून गेले. उस्मानसागर १९२० मध्ये पुरा झाला, हिमायतसागर त्याच्याही नंतर. सल्लागार गेला तरी काम थांबले नाही, कारण तो अहवाल समजून घेऊन राबवणारी यंत्रणा संस्थानापाशी होती.

आज नेमकी तीच झिजली आहे. २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांनुसार सल्लागार निवडताना गुणवत्तेला ८० टक्क्यांपर्यंत भारांक देता येतो. कामावर देखरेख ठेवावी, असेही ते नियम सांगतात. रिक्त पदे देखरेख करीत नाहीत. २०१५ नंतर ‘स्मार्ट सिटी’साठी अनेक शहरांचे आराखडे सल्लागार कंपन्यांनी लिहिले, आणि त्यांना उलट प्रश्न विचारू शकेल असा नगररचनाकार किती पालिकांत होता?

दोष एकट्या सरकारचा नाही. एका गावासाठी मी मसुद्यात लिहिले होते, की आधी जुन्या नळवाहिन्या बदला. अंतिम हप्ता यायचा होता. एका अधिकाऱ्यांचा फोन आला. बोलणे अतिशय विनयाचे. “सर, तेवढा परिच्छेद परिशिष्टात टाकू या का?” मी टाकला. पुढे नव्या योजनेची निविदा माझ्याच अहवालाचा हवाला देऊन निघाली. फोनवरील तो सूर मला ओळखीचा होता. नोकरीत असताना मीही तसे फोन केले आहेत.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. अंतिम अहवालासोबत पहिला मसुदा आणि सुचवलेले बदलही लोकांसाठी खुले करावेत. माझे जुने सहकारी म्हणतात, मग कोणी लेखी सुचवणारच नाही, सारे तोंडी चालेल. चालेल खरे. तेव्हा फोन कोणाचा, कधी आणि कशासाठी आला, याची नोंद सल्लागाराने स्वतः करून ती अहवालाला जोडावी, आणि तशी अट करारातच असावी.