सुट्या मण्यांचे सामान्यज्ञान

गणेशोत्सव असो, शारदोत्सव असो वा मराठी भाषा गौरव दिन असो, सामान्यज्ञान स्पर्धेवाचून साजरा होणारा कार्यक्रम इंदूरच्या मराठी मंडळांत आता विरळाच. निबंधस्पर्धा मागे पडली, वक्तृत्वाला स्पर्धक मिळेनात; प्रश्नमंजूषेला मात्र सभागृह भरते. आयोजकांच्या कष्टांविषयी आणि मुलांच्या तयारीविषयी आम्हांस आदरच आहे. तथापि या स्पर्धांतून मुलांच्या पदरी जे पडते त्यास ज्ञान म्हणावयास आम्ही तयार नाही, आणि हे कोणीतरी स्पष्टपणे सांगावयास हवे.

नेहमीचे प्रश्न पाहा. मंदसोरचा तह कोणत्या वर्षी झाला? १८१८. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म कोठे झाला? महू. रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात होळकर संघाकडून डेनिस कॉम्प्टनने किती धावा काढल्या? नाबाद २४९. तिन्ही उत्तरे बरोबर. घंटा वाजते, गुण मिळतात, टाळ्या पडतात आणि प्रश्नकर्ता चौथ्या प्रश्नाकडे वळतो. पहिला प्रश्न इतिहासाचा, दुसरा थोर पुरुषांचा, तिसरा क्रीडाविभागातला. या तिहींचा परस्परांशी काही संबंध आहे काय, हे मात्र कोणी विचारीत नाही.

संबंध आहे, आणि तो आपल्या दारातला आहे. २१ डिसेंबर १८१७ रोजी महिदपूरच्या रणांगणावर होळकरांच्या फौजेचा इंग्रजांनी पराभव केला. पंधरवडा लोटतो न लोटतो तोच, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोरला तह झाला. त्या तहाने होळकरांचा मुलूख आक्रसला, दरबारात इंग्रजांचा रेसिडेंट आला, महूला इंग्रजी फौजेची छावणी पडली आणि राज्याची राजधानी इंदुरास स्थिरावली. अहिल्याबाईंनी कारभार केला तो महेश्वराहून, हे आपण जाणतोच. राजधानी इंदुरास आली नसती, तर आज ही पत्रिका वाचणाऱ्या कित्येक घराण्यांचे वाडे कदाचित या शहरात उभेच राहिले नसते.

महूची ती छावणी होती म्हणूनच कोकणातल्या घराण्यातले सुभेदार रामजी सकपाळ तेथे लष्करी नोकरीत होते, आणि १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांच्या पुत्राचा, भीमरावांचा, जन्म माळव्यात झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात इंग्रज सैन्यातला कॉम्प्टन याच महूला नेमणुकीवर आला, म्हणूनच १९४५ साली मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात तो होळकरांकडून खेळला. सामना मुंबईने जिंकला. एका तहातून निघालेला हा एक धागा सव्वाशे वर्षे पुरला. आपण त्याचे मणी सुटे केले, प्रत्येकास दहा गुणांची चिठ्ठी लावली आणि धागा टाकून दिला. याच तहामुळे आलेल्या रेसिडेंटाने ज्या भागास नाव दिले, त्या रेसिडेन्सी भागात आज मध्यप्रदेश लोकसेवा आयोगाचे कार्यालय आहे. त्या आयोगाच्या परीक्षेसाठी वर्षानुवर्षे तहांचे सन घोकणाऱ्या आपल्या मुलांपैकी किती जणांना त्या फाटकातून आत जाताना मंदसोर आठवत असेल?

दुसरा दोष याहून गंभीर आहे. या स्पर्धेत प्रत्येक प्रश्नास एकच उत्तर असावे लागते. मराठीस अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला, हे उत्तर निर्विवाद आहे. पण मराठीतला सर्वांत जुना शिलालेख कोणता, असे विचारले की एका स्पर्धेत श्रवणबेळगोळ बरोबर ठरते आणि दुसऱ्या स्पर्धेत अक्षी. श्रवणबेळगोळच्या लेखाचा काळ इसवी सन ९८३ च्या सुमाराचा मानण्याची प्रथा आहे. पण त्या ओळी मागाहून कोरल्या असाव्यात, असेही मत अभ्यासकांनी मांडले आहे. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखावरचा शक ९३४, म्हणजे इसवी सन १०१२, असा वाचला गेला आहे. अक्षरांचे वळण, शकाचे वाचन, लेख कोरणाऱ्याचा हेतू, यांवरून हा वाद चालतो; आणि शिकण्याजोगे जे काही आहे ते या वादातच आहे. आपल्याच नगरीतल्या सरदार माधवराव किबे यांनी रावणाची लंका अमरकंटकाजवळ होती असा पक्ष मांडला. तो सर्वमान्य झाला नाही. परंतु एका इंदूरकराने ग्रंथ धुंडाळून, पुरावे मांडून विद्वानांशी वाद घातला, यात ज्ञानाची जी ऊर्मी आहे ती चार पर्यायांतून एक निवडण्यात कोठून येणार?

सर्वसामान्यांसाठी ज्ञान हवे, हा विचार मराठीत नवा नाही. त्यासाठी डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे तेवीस खंड सिद्ध केले. केतकरांचा जन्म रायपूरचा, म्हणजे तेही आपल्यासारखेच महाराष्ट्राच्या सीमेबाहेरचे. कोश म्हटला की 'अ' पासून आरंभ व्हावा अशी कोणाचीही अपेक्षा असणार. केतकरांनी आधी पाच प्रस्तावनाखंड लिहिले. जगाचा, वेदविद्येचा, बुद्धपूर्व व बुद्धोत्तर काळाचा आणि विज्ञानाचा इतिहास सलग मांडला, आणि मगच अकारविल्हे नोंदींना हात घातला. सुटी नोंद वाचकाच्या हाती देण्यापूर्वी ती जेथे बसते ती चौकट त्यास दिली पाहिजे, ही त्यांची दृष्टी. आपण चौकट मोडून केवळ नोंदी वाटीत आहोत.

यावर आयोजकांचे एक उत्तर असते, आणि ते टाकाऊ नाही. मुले निदान येतात तरी. त्या निमित्ताने दोन मराठी शब्द त्यांच्या कानांवर पडतात. कानांवर पडतात हे खरे, पण ओठांवर येतात काय? आपली मुले शिकतात इंग्रजीत आणि खेळतात हिंदीत. पूर्ण मराठी वाक्य बोलणे त्यांना भाग पडावे, अशा जागा शहरात उरल्या किती? आजीची खोली आणि मंडळाचे व्यासपीठ. 'कौन बनेगा करोडपती' २००० साली सुरू झाल्यापासून आपण त्या व्यासपीठावरही चार पर्याय आणून ठेवले. 'ब' म्हणावयास मराठी यावी लागत नाही. मराठीचा एकही प्रत्यय न उच्चारता, एकही क्रियापद न चालविता मराठी संस्कृतीच्या स्पर्धेत पहिले पारितोषिक मिळू शकते, हीच आमची मुख्य तक्रार आहे.

या नगरीत १९१७, १९३५ आणि २००१ असे तीनदा मराठी साहित्य संमेलन भरले. १९३५ साली तर गांधीजींच्या अध्यक्षतेखालील हिंदी साहित्य संमेलनही येथेच झाले. दोन भाषांत सहज वावरणे हा आपला जुना वारसा आहे, म्हणून हिंदीविषयी आमची काहीच तक्रार नाही. तक्रार आपल्या आळसाविषयी आहे. घरोघरी मोडीतली कागदपत्रे बासनात पडून आहेत आणि ती वाचू शकणारे एकेक करून निघून गेले. त्या कागदांवर काय आहे, हा प्रश्न कोणत्याही प्रश्नसंचात नसतो, कारण त्याचे उत्तर बाजारात मिळणाऱ्या पुस्तकात छापलेले नसते.

स्पर्धा बंद करा असे आमचे म्हणणे नाही. येत्या उत्सवात निम्मे प्रश्न 'कोण', 'कोठे', 'केव्हा' यांचे राहू द्यावेत. उरलेले निम्मे 'का' आणि 'कसे' यांचे असावेत, त्यांना पर्याय देऊ नयेत, आणि प्रत्येकासाठी स्पर्धकाने दोन मिनिटे मराठीत बोलावे. अडखळला तर अडखळू द्यावे. परीक्षकांनी घंटा वाजवू नये. आणि एक प्रश्न महिनाभर आधीच प्रत्येक घरी कळवावा: आपले घराणे इंदुरास कोठून, केव्हा आणि कोणत्या कामासाठी आले? या प्रश्नासाठी मुलाला आजोबांजवळ बसावे लागेल. आजोबांनाही कदाचित बासन सोडावे लागेल.