तीन धुण्यांत टी-शर्ट आखूड का होतो?

जून उजाडला की हेदवीतल्या आयांची एक तक्रार आमच्या कानावर हमखास येते: शाळेचा टी-शर्ट तीन धुण्यांत बेंबीवर आला. दोष साबणाला दिला जातो, नाहीतर बिचाऱ्या पोराच्या उंचीला. खरी गोम टाक्यात आहे.

शर्टाच्या कापडात उभे-आडवे धागे एकमेकांच्या खालून-वरून जातात. गंजीफ्रॉक, टी-शर्ट, स्वेटर यांत तसं नसतं. अम्मी-खाला घरी सुयांवर विणतात तसंच सूत टाक्यातून टाका काढत पुढे जातं. (गंजी हा शब्द गर्नसी बेटावरून आला; तिथल्या खलाशांचे विणलेले अंगरखे प्रसिद्ध. आपल्या जहाजी घरांना हे ऐकून मौज वाटेल.) यंत्र विणताना कापड खाली ओढत असतं. टाके उभे ताणले जातात, आणि सुताला सूत घासून तसेच अडकून राहतात. दुकानात आपण घेतो तो हा ताणलेला माल. पाण्यात भिजून, हलून ती पकड सुटली की टाका मूळ वळणावर येतो: उंची कमी, बहुधा रुंदी जास्त. एका धुण्यात हे पुरं होत नाही.

एफ. टी. पिअर्स यांनी १९४७ मध्ये टाक्याची भूमिती मांडली. १९५९ मध्ये मंडेन यांनी दाखवलं की कापड पूर्ण सैलावल्यावर एका चौरस इंचात किती टाके बसतील, हे मुख्यतः एका टाक्यात किती लांब सूत गेलं यावर ठरतं. ती लांबी निम्मी, तर टाके चौपट! म्हणजे कपड्याचं खरं माप विणतानाच ठरलेलं असतं. इस्त्रीने ओढून दाखवलेलं माप दोन दिवसांचं पाहुणं.

म्हणून गणवेशाची घाऊक खरेदी ठरण्याआधी पालकसभेत एक नमुना मागावा. आतून पेनाने १० सेंमीचा चौकोन काढा, तीनदा धुऊन वाळवा, मोजा. उभी बाजू ९ भरली तर ५० सेंमीचा टी-शर्ट ४५ वर येणार. पाचवीतलं पोरही हे गणित करील. तीन भावंडांच्या घराला हा फरक लहान नाही.

मात्र नमुना पडवीतल्या दोरीवर लोंबकळत ठेवू नका. पाण्याच्या वजनाने टाके पुन्हा उभे ताणतात आणि माप फसतं. पंचात गुंडाळून दाबा, सपाट पसरून वाळवा. स्वेटरही तसाच.