घरची शाळा : सब्रह्मचारी

विद्या कोणाकडून मिळते, या प्रश्नाचें उत्तर एका जुन्या संस्कृत सुभाषितांत मोठ्या मार्मिकपणें दिलेलें आहे. सुभाषितकार विद्येचे चार पाद करतो. एक पाद शिष्यास आचार्यांकडून मिळतो, दुसरा स्वतःच्या बुद्धीनें, तिसरा सब्रह्मचाऱ्यांकडून म्हणजे सहाध्यायांकडून, आणि चौथा कालक्रमानें. हल्लींच्या सुशिक्षित घरांत पहिल्या पादाची तरतूद भरपूर असते. शाळा असते, शिकवणी असते, आणि मोबाइलच्या पडद्यावरही गुरुजी हजर असतात. आपल्या मुलाच्या बुद्धीविषयीं आईबापांना शंका सहसा नसते. चौथा पाद तर काळाच्याच स्वाधीन. तिसरा मात्र पुष्कळ घरांत वेळेच्या अपव्ययाच्या खात्यावर मांडला जातो.

हें लिहिण्यास निमित्त एका सद्‌गृहस्थांच्या प्रश्नाचें झालें. त्यांचें कुटुंब एकत्र आहे. त्यांचा मुलगा व धाकट्या बंधूंची मुलगी, दोघेंही यंदा दहावींत आहेत. परीक्षेंत गणिताचे दोन भाग, बीजगणित आणि भूमिति, प्रत्येकीं ४० गुणांचे. मुलाची गणितांत गति चांगली. म्हणून रोज संध्याकाळीं ही चुलत बहीण व शेजारच्या बिऱ्हाडांतील दोन मुलें वह्या घेऊन त्याच्यापाशीं येऊन बसतात. "दुसऱ्यांना शिकविण्यांत माझ्या मुलाचा तास-दीड तास जातो. त्याला वेगळी खोली द्यावी काय?" असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न साधा दिसतो, परंतु त्याच्या उत्तरावर त्या मुलाचें गणित आणि त्या घराचा एकोपा, अशा दोन गोष्टी अवलंबून आहेत.

प्रथम गणिताचें पाहूं. इतिहासांतील सनावळी एकट्यानें खोलींत बसून पाठ करतां येते. भूमितींतील सिद्धता ही मुळांतच दुसऱ्यास पटवून देण्याची वस्तु आहे. ज्यास पटवावयाचें तो समोर नसेल, तर पटविणाऱ्यास आपला युक्तिवाद कोठें लंगडा आहे हें कळावें कसें? एक उदाहरण घेऊं. समद्विभुज त्रिकोणाच्या पायालगतचे कोन समान असतात, हें प्रमेय युक्लिडच्या पहिल्या ग्रंथांत ५ वें आहे. एक मुलगा शिरोबिंदूजवळचा कोन दुभागतो आणि 'बाकोबा' कसोटीनें दोन त्रिकोण एकरूप दाखवितो. दुसरी मुलगी पायाचा मध्य शिरोबिंदूस जोडते आणि 'बाबाबा' कसोटी लावते. दोघेंही संतुष्ट. इतक्यांत वर्गांत मागें बसणारा तिसरा विचारतो, "पण बाबाबा कसोटी तरी खरी कशावरून?" शाळेच्या पुस्तकांत ती गृहीत धरण्यास मुभा असते. युक्लिडच्या क्रमांत मात्र ती ८ व्या प्रमेयांत येते, तें ७ व्यावर आधारलेलें, आणि ७ वें या ५ व्यावरच! म्हणजे त्या क्रमांत मुलीची सिद्धता जेथून निघाली तेथेंच परत येते. आपले नैयायिक यालाच चक्रक दोष म्हणतात. मग चौथा एखादा म्हणेल, "कांहींच काढूं नका, त्रिकोण उचलून पालथा घाला आणि त्याची त्याच्याशींच तुलना करा." ही युक्ति चौथ्या शतकांतील अलेक्झांड्रियाच्या पॅपसची आहे. एका प्रमेयावर चार डोकीं जमलीं, तेव्हां सिद्धता म्हणजे काय हें चौघांनाही उमगलें. मार्गदर्शिकेंतील सात ओळी उतरवून हा लाभ होणें नाहीं.

बीजगणितांतही तोच न्याय. (अ + ब) चा वर्ग म्हणजे अ चा वर्ग अधिक ब चा वर्ग, असें मनांत एकदां बसलें कीं विद्यार्थी दहा वेळां उत्तर तपासूनही चूक पाहत नाहीं. कारण ज्या समजुतीनें चूक केली तिच्याच डोळ्यांनीं तो ती तपासतो. शेजारचा मुलगा सहज म्हणतो, "३ आणि ४ घालून पाहा." इकडे ४९, तिकडे २५. गेलेले २४ कोठें गेले याचा शोध दोघे मिळून घेतात आणि २अब हें पद जन्मभर विसरत नाहींत.

आमच्या भास्कराचार्यांनीं तर शके १०७२, म्हणजे इ. स. ११५०, च्या सुमारास लिहिलेल्या बीजगणितांत चौघांनीं मिळून करण्याजोगें एक काम ठेवून दिलें आहे. चार मुलांनीं जाड कागदाचा एकेक काटकोन त्रिकोण कापावा. बाजू ३ व ४, कर्ण ५. कर्ण बाहेर येतील असे ते चार मांडले कीं ५ बाजूचा चौरस होतो आणि मध्यें १ बाजूची मोकळी जागा राहते. चार त्रिकोणांचें क्षेत्रफळ २४, मधली जागा १, एकूण २५. आतां ३ व ४ च्या जागीं अ व ब लिहा : २अब अधिक (ब − अ) चा वर्ग, म्हणजेच अ व ब यांच्या वर्गांची बेरीज. भूमिति व बीजगणित या दोन विषयांची भेट अशी बैठकीच्या सतरंजीवर होते, आणि वर हरवलेले २४ येथें मुलांच्या हातांत सांपडतात.

असे सहाध्यायी पुढें केवढी मजल मारतात, याचा एक दाखला हंगेरी देशाचा आहे. तेथें माध्यमिक शाळांतील मुलांसाठीं गणिताचें एक मासिक १८९४ पासून निघतें. त्यांतील प्रश्न सोडविणाऱ्या उत्तम विद्यार्थ्यांचीं छायाचित्रें त्यांत छापलीं जात. या मासिकावर वाढलेले कांहीं तरुण पुढें बुडापेस्टच्या एका उद्यानांत पुतळ्यापाशीं जमून गणिताची चर्चा करीत. पॉल एर्डोश, जॉर्ज सेकेरेश, एस्तेर क्लाइन हीं त्यांतलींच. १९३३ च्या सुमारास एस्तेरनें मित्रांपुढें एक प्रश्न टाकला : कागदावर पांच बिंदु कसेही मांडा, फक्त तीन एका रेषेंत नकोत, त्यांतील चार बिंदूंचा, एकही कोपरा आंत दबलेला नाहीं असा चौकोन नेहमीं मिळतो, तो कां?

घरांतील मुलांनीं हें खिळे व दोरा घेऊन करून पाहावें. पांच खिळ्यांभोंवतीं दोरा आवळला आणि तो चार किंवा पांच खिळ्यांना टेकला, तर चौकोन मिळालाच. तीनांनाच टेकला, तर दोन खिळे आंत राहिले. त्या दोहोंतून सरळ रेषा ओढा. त्रिकोणाचे दोन कोपरे तिच्या एकाच बाजूस पडतात. ते दोन व आंतले दोन मिळून हवा तो चौकोन. दहावीच्या मुलास समजेल इतकें हें सोपें आहे. याच प्रश्नाचा विस्तार करून एर्डोश व सेकेरेश यांनीं १९३५ मध्यें एक निबंध प्रसिद्ध केला. त्याचें संपूर्ण उत्तर अद्याप सिद्ध झालेलें नाहीं. १९३७ मध्यें जॉर्ज व एस्तेर यांचा विवाह झाला, म्हणून एर्डोशनें त्यास 'सुखान्त प्रश्न' असें नांव ठेवलें. नाझींच्या भयानें तें ज्यू जोडपें शांघायला गेलें व १९४८ मध्यें ऑस्ट्रेलियांत स्थायिक झालें. तेथें सिडनीमध्यें १९८४ साली एस्तेरबाईंनीं शाळकरी मुलांसाठीं गणिताची साप्ताहिक बैठक सुरू करण्यांत पुढाकार घेतला. उद्यानांतल्या पुतळ्यापाशीं जें मिळालें, तें त्यांनीं असें परत दिलें. ६८ वर्षांच्या संसारानंतर २८ ऑगस्ट २००५ रोजीं दोघेंही एकाच दिवशीं निवर्तलीं.

आतां घराच्या एकोप्याचें. न्यायसूत्रांत वादाचे तीन प्रकार आहेत. तत्त्व जाणण्यासाठीं तो वाद, जिंकण्यासाठीं तो जल्प, आणि दुसऱ्याचें नुसतें खोडून काढण्यासाठीं ती वितंडा. वाद कोणाशीं करावा हें सांगतांना सूत्रकार गुरु व शिष्य यांच्या बरोबरीनें सब्रह्मचाऱ्याचें नांव घेतात, आणि एक अट घालतात : तो असूया नसलेला असावा. ही असूया मुलें जन्मतः घेऊन येत नाहींत. जेवणाच्या पंगतींत "तुला किती? आणि तिला किती?" हा प्रश्न वडील मंडळींच्या तोंडून निघाला, कीं दुसऱ्या दिवशीं भाऊ आपली वही हातानें झांकतो आणि बहीण शंका विचारावयाची थांबते. वादाचा जल्प झाला. एकत्र कुटुंबांत ही इजा दोन मुलांपुरती राहत नाहीं. दोन जावांच्या व दोन भावांच्या बोलण्यांतही ती उतरते.

तेव्हां त्या सद्‌गृहस्थांस माझें उत्तर असें. मुलास वेगळी खोली जरूर द्या, परंतु ती पहिल्या अर्ध्या तासापुरती. स्वबुद्धीचा पाद सहाध्यायाच्या पादाआधीं येतो. प्रत्येकानें उदाहरण प्रथम एकट्यानें झुंजून पाहावें. मग चौघांना एकत्र बसूं द्या. ज्यास येतें त्यानें पेन्सिल हातीं घेऊं नये. आकृति अडलेल्यानेंच काढावी. वही दाखवूं नये, तोंडानें सांगावें. शेवटीं सर्व पुस्तकें मिटून प्रत्येकानें सिद्धता पुन्हां आपली आपण लिहावी. तिसऱ्या पादाची नक्कल झाली कीं विद्या झाली, हें त्यावरून कळतें. तुमच्या मुलाचा जो दीड तास गेला असें वाटतें, त्यांत "कां?" या प्रश्नास उत्तर देण्याची संवय त्यास लागत आहे, आणि भूमितीचें सार तेवढेंच आहे.

आणि निकालाच्या दिवशीं दोन्ही मुलांस पेढा एकाच ताटांतून द्यावा. त्यावेळीं गुणांची तुलना कोणी काढली, तर घरांतील ज्येष्ठानें ती तेथेंच थांबवावी.