थंडीतला एक तास दोघांचा

गेल्या हिवाळ्यात माझी एक मैत्रीण म्हणाली, ‘‘अगं, दिवसभरात आमचं बोलणं म्हणजे दूध आलं का, फी भरली का नि धाकट्याचा खोकला कसा आहे! बाकी काही बोलायचं असतं, हेच विसरलोय आम्ही.’’ हे ती हसत म्हणाली खरी, पण ते हसू काही मला खरं वाटलं नाही.

तुमच्याकडेही असंच आहे का? मग ही थंडी वाया घालवू नका. हॉटेल-सिनेमाला पैसे लागतात, आणि मुलं बरोबर असली की निम्मा वेळ त्यांच्यामागे धावण्यातच जातो. थंडीत मात्र दिवस लवकर मावळतो, मुलंही पांघरुणात शिरली की चटकन झोपतात. त्यानंतरचा एक तास तुमचा!

पौष-माघात मंडईत ज्वारीचा कोवळा हुरडा येतो. पावशेर आणून तव्यावर भाजा. सोबत लसणाची चटणी, गुळाचा खडा आणि वाटीभर दही. अंगणात किंवा गॅलरीत, मूल जागं झालं तर ऐकू येईल अशा जागी दोघं बसा. शेगडी पेटवायची तर ती उघड्यावरच हं! बंद खोलीत कोळसे मुळीच ठेवू नका. त्यांचा विषारी वायू वासावरून कळत नाही.

जानेवारीत रात्री नऊच्या सुमारास आग्नेयेकडे वर पाहा. एका ओळीतले तीन तारे दिसले की ते मृगातले. तीच ओळ खाली वाढवलीत की लखलखणारा व्याध सापडतो. आपल्या मार्गशीर्षाचं नाव याच मृगशीर्षावरून आलंय. या करमणुकीला तिकीट नाही!

शेजारणीशी ठरवून टाका. एका रविवारी तिची मुलं सकाळी तुमच्याकडे, पुढच्या रविवारी तुमची तिच्याकडे. डिसेंबर-जानेवारीत सूर्य सातच्या आसपास उगवतो. साडेसहाला स्वेटर, मफलर चढवून निघा. पुण्यात पर्वती आहे, साताऱ्याला अजिंक्यतारा, नाशिकला गोदाघाट. तुमच्या गावातही एखादी टेकडी नाहीतर नदीकाठ असेलच. येताना टपरीवर आल्याचा चहा घ्या, की झाली सहल!

नियम दोनच. मोबाइल बाजूला ठेवायचा, आणि त्या तासात घरखर्च, सासर-माहेर, मुलांचा अभ्यास हे विषय काढायचे नाहीत. पहिल्या दिवशी गप्प बसावं लागलं तरी बिघडत नाही. ‘‘काय बोलायचं आता?’’ असं वाटेल, पण उठू नका.

त्या मैत्रिणीनंही हे करून पाहिलं. तिसऱ्या शनिवारी हुरडा खाता खाता तिच्या यजमानांनी कचेरीतली एक काळजी सांगितली. सहा महिने एकट्याने मनात ठेवलेली! ‘‘आणि मला वाटायचं, हे माझ्यावरच चिडलेत,’’ ती म्हणाली.

तेव्हा येत्या शनिवारी मुलं निजली की ओट्यावरची भांडी राहू द्या तशीच. ती सकाळी घासता येतील.