आवाज नक्की कुठून येतोय?

एक्सप्रेसवेवर काटा ८० च्या वर गेला की आमच्या गाडीतून 'घूंऽऽ' असा आवाज यायचा. शहरात मात्र गाडी एकदम गरीब गाय! गॅरेजवाल्यानं चौकापर्यंत चक्कर मारून निकाल दिला, "टायर गेलेत साहेब, चारही बदला." बदलले. आवाज तसाच. मग म्हणे, गिअरबॉक्स उघडू.

इथे माझी सटकली. रविवारी पहाटे बाबांना शेजारी बसवून निघालो. ८० ला क्लच दाबला. इंजिन शांत, आवाज कायम. म्हणजे इंजिन सुटलं. डाव्या वळणावर आवाज वाढला, उजव्या वळणावर जवळजवळ गायब! डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. बाबा म्हणाले, "पुढूनच येतोय, पण तुझ्या बाजूनं." घरी येऊन जॅक लावला, पुढचं उजवं चाक हातानं फिरवलं. खरखर. व्हील बेअरिंग!

बेअरिंग फारच झिजलं तर चाक डगमगतं, जामही होऊ शकतं. आणि नवे टायर घातल्याच्या समाधानात आम्ही सगळं घर घेऊन दोनदा घाट उतरलो होतो.

दोष सापडण्याआधी पार्ट बदलणं म्हणजे दुरुस्ती नव्हे, जुगार. पण खरं सांगू? मीही गॅरेजमध्ये "आवाज येतो" एवढंच म्हणालो होतो. किती वेगाला, कुठल्या वळणावर, काही नाही. ऑफिसात असा बग कुणी पाठवला असता तर मी तसाच परत केला असता.