नववीचा उंबरठा

उज्जैनच्या देवास गेट बस-स्थानकापाशी सकाळी उभे राहिले म्हणजे दप्तरे सावरीत गाड्यांतून उतरणारी मुले दृष्टीस पडतात. वाचकहो, आमच्या मनात मात्र न उतरलेली मुले घोळत होती.

आठवीपर्यंत सरकार मुलाचा हात धरते. 2009 चा शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षांपुरता आहे. त्यानंतर तो हात सुटतो, आणि नेमकी तेव्हाच शाळाही दूर जाते. कारण आठवीची शाळा गावात असली तरी हायस्कूल पुष्कळदा पुढच्या गावी असते. फी एक वेळ भरता येईल, पण गाडीभाडे रोजचे! महाराष्ट्रात खेड्यांतील मुलींना एस. टी. चा मोफत पास मिळतो. मध्य प्रदेशाने तर आपले परिवहन महामंडळ बंद करण्याचे 2005 सालीच ठरविले. तेथे दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत सहावीत वा नववीत जाणाऱ्यांना सायकल देण्याची योजना आहे.

सायकलीने काय होणार, असे कोणी म्हणेल. बिहारात 2006 साली नववीतील मुलींना सायकलीसाठी पैसे देण्यास आरंभ झाला. कार्तिक मुरलीधरन व निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी त्याचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध केला. माध्यमिक शाळेतील मुलींची नोंदणी सुमारे 32 टक्क्यांनी वाढली होती, आणि ही वाढ मुख्यत्वे शाळा तीन किलोमीटरांहून दूर असलेल्या गावांतली होती. म्हणजे मुलींना शिकण्याचा कंटाळा नव्हता. वाट लांब होती, एवढेच.

मदत वेळेवर मिळावी, हे आम्हांस रकमेहून महत्त्वाचे वाटते. जूनमध्ये वह्या, गणवेश, भाडे यांचा हिशेब करून बाप मुलाला कामावर धाडतो; मार्चमध्ये आलेली शिष्यवृत्ती त्या मुलाला परत आणीत नाही. मध्य प्रदेशाच्या लाडली लक्ष्मी योजनेत नववीत प्रवेश घेताच 4000 रुपये देण्याची तरतूद आहे, ती आम्हांस म्हणूनच शहाणपणाची वाटते.

आपल्या घरांतूनही एक गोष्ट राहून जाते. केंद्र सरकारची आर्थिक दुर्बल घटकांसाठीची गुणवत्ता शिष्यवृत्ती 2008 पासून आहे. 2017 पासून ती वर्षाला 12000 रुपये झाली. परीक्षा आठवीत असते, आणि सरकारीच नव्हे, तर अनुदानित शाळांतील मुलांसही ती देता येते. ज्यांचे मूल यंदा सातवीत वा आठवीत आहे, त्यांनी मुख्याध्यापकांना अर्जाची तारीख आताच विचारावी.