सालवडकरांनो, आधी आपलं धुराडं साफ करा!

तारापूरच्या कारखान्यांच्या धुराविरुद्ध सालवड, पाम, कोलवडे, कुंभवलीची माणसं वर्षानुवर्षं बोलत आली आहेत, आणि ते रास्तच आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांनी देशात सर्वांत वर होतं. पण त्या धुरावर तावातावाने बोलणारे आपण, घरच्या धुराड्याचा विषय निघाला की "ते बायकांचं काम" म्हणून उठून जातो, याची चीड येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने घरातल्या धुरामुळे २०२० साली जगात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची २ लाख ३७ हजारांहून जास्त मुलं. चुलीपुढे बाई बसते, मांडीवर तिचं पोर असतं, आणि शिडीवर चढू शकणारा माणूस ओटीवर बसलेला असतो.

"गॅस आला, आता चुलीचं काय?" असं विचारणाऱ्यांनी सकाळी वस्तीतून एक फेरी मारावी. उज्ज्वला २०१६ला आली, पण एप्रिल २०२५मध्ये तिचाही सिलिंडर ५० रुपयांनी महागला. आंघोळीचं पाणी आणि भाकरी पुन्हा चुलीवर. धुराने वाळवी लागत नाही, हा दुसरा आक्षेप. वासे वाचवायला पोराची फुप्फुसं पणाला लावायची का? तिसरा समज जास्त घातक : निर्धूर चूल बांधली की काम झालं. सुधारित चुलींचा केंद्राचा कार्यक्रम १९८३पासून चालला आणि २००२ला गुंडाळला गेला. पुढे ओडिशात सुमारे २,६०० कुटुंबांचा अभ्यास झाला. धुराड्याच्या चुलींनी पहिल्या वर्षी धूर कमी केला. नंतर चुली फुटल्या, वापर घटला, दुरुस्ती-सफाई कुणी केली नाही, आणि फायदा उरला नाही. धुराडं बांधून होत नाही, ते राखावं लागतं.

ओलं सरपण धुमसतं, त्याचा धूर थंड पाइपात थिजतो आणि डांबरासारखी काजळी धरते. पाइप अरुंद झाला की धूर वैलातून उलटा घरात येतो, सोबत वास नसलेला कार्बन मोनॉक्साइडही. एखाद्या दिवशी जाळ मोठा झाला की तीच काजळी पेट घेते. वर पेंढा किंवा प्लास्टिकचा कागद, बाजूला कारवीचा कूड, मग विझवायला वेळ कुठला?

म्हणून या रविवारी चूल पूर्ण थंड करून पाइप वरून खाली घासा. बांबूला काथ्या बांधला तरी चालेल. चुलीतली वाट दर आठवड्याला आणि पाइप दर महिन्याला साफ झालाच पाहिजे. पावसाळ्यात कोंबलेला बोळा काढा, टोपी बसवा, तडे लिंपा, छपरातून पाइप जातो तिथलं पेंढा-प्लास्टिक मागे सारा. सरपण वाळलेलंच हवं. कारखान्यातून आलेली पॅलेटं, रंगवलेलं प्लायवूड, रसायनाची पोती चुलीत घालू नका, पेटवायलासुद्धा नाही. निखाऱ्यांची शेगडी घेऊन दार लावून झोपू नका. आमच्या बचत गटातल्या बायकांनी कुणाच्या निधीची वाट न पाहता आधी आपापली धुराडी घासली, मगच हे पत्रक काढलं. शिडी आणि ब्रश गटाकडे आहेत. न्यायला घरातल्या पुरुषाने यावं, आणि निघालेली काजळी विहिरीपासून लांब खड्ड्यात पुरावी.